चौदा परवाने

दिवटे घराण्याने गेल्या अडीचशे वर्षांत कुणापुढेही मान झुकवलेली नाही. सुभेदारापुढे नाही, दिवाणापुढे नाही, इंग्रज रेसिडेंटापुढे नाही, खुद्द होळकरांची पालखी समोर आली तरी नाही.

हे वाक्य दौलतराव दिवटे वर्षातून निदान तीन वेळा म्हणत. दसऱ्याला, वीज कंपनीतल्या निवृत्त मंडळींच्या संमेलनात, आणि बायकोने पिशवी हातात देऊन भाजीला पाठवले की. त्यातला तपशील मात्र ते सांगत नसत. तो जनाबाईंनी लग्नानंतर आठ दिवसांतच सासूकडून काढून घेतला होता. दिवटे म्हणजे होळकरांच्या पालखीपुढे मशाल धरून चालणारे. डोक्यावर तेलाची पेटती मशाल असताना मान झुकवली, तर पागोटे पेटते. एका खापरपणजोबांनी एकदा रामनवमीला ती झुकवून पाहिली होती. तेव्हापासून घराण्यात बाणा आणि टक्कल ही दोन्ही वडिलोपार्जित आहेत.

मशाल गेली तरी उजेडाचा धंदा सुटला नाही. दौलतरावांनी अडतीस वर्षे इंदूरच्या वीज कंपनीत काढली. लाइनमन म्हणून चढले आणि सुपरवायझर म्हणून उतरले. परदेशीपुऱ्यापासून खजरान्यापर्यंत कुठल्या खांबावर कोणत्या साली ट्यूब लागली, हे ते झोपेतही सांगत, आणि जनाबाईंना ते ऐकावे लागे. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भाषणे झाल्यावर स्टोअरमधल्या लोकांनी गंमत म्हणून एक जुना मर्क्युरीचा दिवा कागदात गुंडाळून दिला. शाल कसरीने खाल्ली. श्रीफळ वडीत गेले. दिवा राहिला.

तो अजून लागतो का, हे पाहायला दौलतरावांनी एका एप्रिलच्या संध्याकाळी घरामागच्या अंगणात तो लावला. लागला. शेजारच्या तारेवर पाहुण्यांच्या पलंगावरची पांढरी चादर वाळत होती. दौलतराव पाणी पिऊन परत आले, तर चादरीवर पाखरेच पाखरे. एक हिरवे, जणू कुणी पैठणीचा तुकडा कापून उडवलेला. एक राखाडी, तीन कोनांचे. एक इतके बारीक की जिरे समजून जनाबाईंनी उचलायला हात घातला, तर ते उडाले.

वरच्या मजल्यावर शर्वरी नावाची एक पुण्याची बाई भाड्याने राहत होती. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. ती चपला न घालताच जिना उतरून आली.

"काका, हे काय करताय तुम्ही?"

"काही नाही हो मॅडमजी, बल्ब चेक करतोय. हे किडे साले मध्ये मध्ये येतात."

"किडे नाहीत, काका. पतंग आहेत हे. हा हिरवा कण्हेरीवरचा. याची अळी त्या बागेतल्या कण्हेरीची पानं खाऊन वाढते."

दौलतरावांनी आयुष्यभर खांबावर चढताना या जमातीला तोंडावरून हाकलले होते. त्यांना नावगाव असते, सासर-माहेर असते, याची त्यांना कल्पना नव्हती. त्या रात्री त्यांनी कंपनीच्या जुन्या रजिस्टरात, जिथे पूर्वी कुठला फ्यूज किती वाजता उडाला ते लिहीत, तिथे पहिली नोंद केली: कोण किती वाजता आले, किती आले, वारा कुठला, हवा किती गरम. शर्वरी फोटोंवरून शास्त्रीय नावे सांगे, पण ती दौलतरावांच्या जिभेवर टिकत नसत. म्हणून त्यांनी आपली नावे ठेवली. जिरेवाली. पैठणी. तीन कोनांचा तो फडणीस. आणि एक धिप्पाड, पिवळ्या पट्ट्यांच्या पोटाचा, पाठीवर कवटीसारखी खूण असलेला, जो हात लावला की उंदरासारखा चिरकतो, त्याचे नाव त्यांनी खूप विचार करून ठेवले. सरनोबत.

हे नाव आकाशातून पडलेले नव्हते. अप्पासाहेब सरनोबत हे कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. त्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते. अप्पासाहेब स्वतः सिमेंटच्या एजन्सीत होते, पण मिशी घोडदळातच राहिली होती.

असे चार उन्हाळे गेले. एप्रिल ते जून, रोज रात्री आठ ते साडेदहा. साडेदहाला दिवा बंद, पाखरे मोकळी, चादर झटकून घरात. चौथ्या उन्हाळ्याच्या शेवटी शर्वरीने चारही रजिस्टरे मांडीवर घेतली आणि एकेक पान उलटत गेली. मग म्हणाली, "काका, एकाच जागेवर, रोज, न चुकता असं इंदुरात कुणी केलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. आणखी एक वर्ष करा. चार वर्षांचा नाद असतो. पाच वर्षं झाली की नोंद होते. मग मी तुमच्या नावानं छापायला पाठवते."

दौलतरावांना दिवटे हे नाव छापील अक्षरांत आजवर फक्त लाइट बिलावर पाहायला मिळाले होते. त्यांनी पाचवे रजिस्टर त्याच दिवशी आणले. त्याला खाकी पुठ्ठाही घातला.

पाचव्या उन्हाळ्याचा मे अर्धा सरला आणि कॉलनीच्या बागेत खांब आला. साधासुधा नव्हे. तीन मजली, टोकाला आठ फ्लडलाइट, बरोबर दौलतरावांच्या अंगणाच्या भिंतीपलीकडे, कण्हेरीच्या ताटव्यात. बातमी घेऊन समितीचा सचिव अर्पित आला. त्याचे आडनाव मराठी होते, आजी मराठी होती, बाकी सगळे मिक्स होते.

"अंकल, संडेला स्विच-ऑन आहे. आठ वाजता. अप्पासाहेब बटन दाबणार. मतलब पूर्ण गार्डन एकदम दिवसासारखा."

"दिवसासारखा दिवसा असतोच की, भिया. रात्री कशाला?"

"अरे अंकल, सेफ्टी आहे, इमेज आहे. आणि ते... बुरा नका मानू, तुमची ती चादर. तिच्यावर किडे-मकोडे. सफाईची टीम राउंडवर येते, फोटो काढते. अप्पासाहेब बोलले, चादर हटवा."

"नाही हटवणार."

"अंकल, असं सीधा नाही नका बोलू."

"मग वाकडं बोलतो. अजिबात नाही हटवणार."

आठ फ्लडलाइट लागले, की एका मर्क्युरीकडे कोण पाखरू येणार? दीड महिन्याची नोंद कोरी. चार वर्षांचा नाद तो नादच राहणार. दौलतरावांनी रात्री जेवताना हे जनाबाईंना सांगितले. त्यांनी ताटात भरीत वाढले आणि म्हणाल्या, "मग भांडा की. एरवी कांद्याच्या भावावरून तर भांडता."

दौलतराव सरकारी माणूस. त्यांचे भांडण अर्जाने सुरू होते. त्यांनी समितीला अर्ज लिहिला, आणि समिती मराठी मंडळींची म्हणून शुद्ध मराठीत लिहिला. इथेच घोळ झाला. अर्जात त्यांनी 'किडे' लिहिले नाही, 'पाखरे' लिहिले नाही. शर्वरीने शिकवलेला शब्द मानाने वापरला: "मी गेली चार वर्षे माझ्या अंगणात रात्री प्रकाश-सापळा लावून पतंग पकडत आहे. सदर काम तीस जूनपर्यंत अखंड चालू ठेवणे आवश्यक आहे."

अर्पितने तो अर्ज दोनदा वाचला. 'सदर' आणि 'अखंड' त्याने सोडून दिले. उरले ते रात्री, सापळा, पतंग. त्याने कॉलनीच्या ग्रुपवर टाकले: "डी-७ वाले दिवटे अंकल चार साल से रात को पतंग पकड़ रहे हैं, खुद लिख के दिया है।" त्यावर कुणीतरी विचारले, मांझा कोणता? दुसऱ्याने लिहिले, चायनीजच असणार, त्याशिवाय रात्री कोण उडवतो? तिसऱ्याला आठवले की संक्रांतीला त्याच्या भाच्याचे कान थोडक्यात वाचले होते. चौथ्याने पोलिसांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला फाटकाशी मोटारसायकल थांबली. पोटाने भरदार आणि आवाजाने मऊ असे ठाण्याचे एक हेडसाहेब उतरले.

"दिवटे आपही हैं? कंप्लेंट है। पतंग कहाँ है?"

"वो बैठी है," दौलतरावांनी चादरीकडे बोट केले. "एक नहीं, बहुत हैं।"

हेडसाहेबांनी चादरीच्या मागे पाहिले, खाली पाहिले, गच्चीकडे पाहिले. "और मांझा?"

"मांझा नहीं है साहब। छह टाँगें हैं।"

मग उलगडा करायला दहा मिनिटे गेली. जनाबाईंनी शिकंजी आणली. हेडसाहेबांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि चादरीसमोर उभे राहिले, ते राहिलेच. निमाडातल्या कुठल्याशा गावचे होते. लहानपणी त्यांच्या घरी कंदिलावर अशीच यायची, म्हणाले. पैठणी आली तेव्हा तर त्यांनी वायरलेसचा आवाजही बारीक केला. शिकंजीचा दुसरा पेला संपवून ते निघू लागले तसे दौलतराव म्हणाले, "हेडसाहब, जाँच हुई है तो दो लाइन लिख के दे दो। अपन सरकारी आदमी हैं, कागज़ के बिना नींद नहीं आती।"

अडतीस वर्षांची सवय होती ती. बाकी काही नाही. मनात कुठलाही डाव नव्हता, हे इथे स्पष्ट केलेले बरे, कारण पुढे कॉलनीत वेगळे बोलले गेले.

हेडसाहेबांनी कागद मांडीवर घेतला आणि पेन थांबवले. "पतंग लिखूँगा तो ऊपर वाले फिर मांझा पूछेंगे। कीड़ा लिखना... इनके लिए अच्छा नहीं लगता।" त्यांनी चादरीकडे पाहिले. मुशायऱ्याला जाणारा माणूस असावा. चेहरा उजळला. "परवाना लिख देते हैं। शमा का परवाना। कितने हैं?"

दौलतरावांनी मोजले. चौदा होते.

शनिवारी संध्याकाळी समितीची सभा. बागेतल्या शेडमध्ये खुर्च्या, कागदी प्लेटांत कचोऱ्या, आणि मागे नवा खांब, टोकाला पिशव्या बांधलेला, नवरदेवासारखा. अप्पासाहेबांनी सुरुवात गोड केली.

"दौलतरावजी, आपण दोघं होळकरांची माणसं. तुमचे-आमचे पूर्वज एका रणात उभे राहिले."

"उभे राहिले खरे. तुमच्यांना पुढचं काही दिसावं म्हणून आमचे मशाल घेऊन पुढे उभे राहिले."

कुणीतरी हसले. अप्पासाहेबांची मिशी हलली. "ते पतंगबाजीचं कळलं, गैरसमज झाला. पण मुद्दा तोच आहे. कॉलनीत रात्री काहीही लावायचं म्हणजे नियम आहेत. असं मनाला आलं, बल्ब लावला, चादर बांधली, हे चालणार नाही. लोक म्हणतील, सरनोबतांच्या कॉलनीत शिस्त नाही."

"चादर माझ्या अंगणात आहे. दिवा माझ्या मीटरवर आहे."

"असू द्या! आज तुमची चादर, उद्या कुणी तंबू लावेल. उद्या स्विच-ऑन आहे, मोठे पाहुणे येणार. दुपारपर्यंत ते सगळं निघालं पाहिजे."

"नाही निघणार, अप्पासाहेब." दौलतराव उभे राहिले. आवाज चढलेला नव्हता, पण मान ताठ होती. "अडतीस वर्षं मी या गावाला उजेड दिला. पावसात दिला, दंग्यात दिला, आमच्या स्मिताच्या बारशाच्या दिवशी खांबावर होतो. कधी काही मागितलं नाही. आता एका भिंतीएवढा अंधार मागतोय, तीस जूनपर्यंत. तो मी सोडणार नाही. तुम्ही चादर ओढा, मी दुसरी लावीन. ती ओढा, धोतर लावीन."

"धोतर नेसता कुठे तुम्ही?" जनाबाई मागच्या रांगेतून हळूच म्हणाल्या.

"भाषण नको!" अप्पासाहेबांनी टेबलावर हात आपटला. कचोरीची चटणी उडाली. "एका शब्दात सांगा. परवाना आहे का तुमच्याकडे? परवाना?"

दौलतराव आयुष्यात कधी खोटे बोललेले नव्हते. या घडीलाही त्यांना ते करावेसे वाटले नाही. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि अर्पितच्या हातात दिला. "वाच रे. मोठ्यानं वाच."

अर्पितने वाचले. हिंदी असल्यामुळे अडखळला नाही.

"शिकायत की जाँच की गई। मांझा नहीं मिला। मौके पर चौदह परवाने पाए गए। सभी अच्छी हालत में। कोई आपत्ति नहीं।" खाली सही, तारीख, बक्कल नंबर.

तिसऱ्या रांगेत शर्वरीला कचोरीचा ठसका लागला, आणि ती पाणी शोधायला जी गेली ती सभा संपेपर्यंत आली नाही.

"चौदा?" अप्पासाहेब म्हणाले.

"त्या दिवशी चौदा होते," दौलतराव म्हणाले. "कमी-जास्त होतात."

"एका चादरीला चौदा परवाने?"

"पोलिसांनी मोजलेत." आणि मग ते हळूच खांबाकडे वळले. खांबाच्या बुडाशी पहिल्याच दिवशी त्यांची नजर गेली होती. लाइनमनची नजर आधी बुडाशी जाते. "आता आमचं एक विचारणं आहे, अप्पासाहेब. आठ फ्लडलाइट, चारशे वॉटचे. सव्वातीन किलोवॉट धरा. तार कुठून ओढलीय? बोअरच्या मोटरवरून. त्या कनेक्शनला लोड किती मंजूर आहे, मला माहीत आहे, कारण ते मीच दिलं होतं. वाढीव लोडचा परवाना काढलाय का?"

अप्पासाहेबांनी अर्पितकडे पाहिले. अर्पितने फोनकडे पाहिले. फोनने काही सांगितले नाही.

"म्हणजे," दौलतराव म्हणाले, "आमच्याकडे चौदा, आणि तुमच्याकडे?"

"अरे, काढून टाकू ना परवाना!" अप्पासाहेब म्हणाले, पण घोडा थोडा मागे सरला होता. "त्यात काय? किती दिवस लागतात?"

"मी होतो तेव्हा तीन महिने. आता सगळं ऑनलाइन झालंय." दौलतरावांनी मनात हिशोब केला. "साडेचार. फॉर्म मी स्वतः भरून देतो. अक्षर चांगलं आहे माझं."

आणि दिलाही. त्याच रात्री, रजिस्टर लिहून झाल्यावर, एकही रकाना रिकामा न ठेवता. वैर वैराच्या जागी, फॉर्म फॉर्मच्या जागी.

रविवारी आठ वाजता बटन दाबले गेले नाही. खांब पिशव्या बांधून उभा राहिला. मोठ्या पाहुण्यांना खजरान्याच्या गणपतीला दर्शनाला नेण्यात आले, आणि कॉलनीतली जी मंडळी नटूनथटून बागेत आली होती ती अंधारात कचोऱ्या शोधत राहिली. पलीकडे एकच उजेड होता. माणूसही शेवटी उजेडाकडेच जातो. एकेक करून सगळे दौलतरावांच्या भिंतीशी जमले. पोरे भिंतीवर चढली. अर्पित आला, "सॉरी अंकल, मला वाटलं काइटवाली पतंग," म्हणाला, आणि फडणीसाचा फोटो काढू लागला.

साडेनऊला अप्पासाहेब आले. फाटकातून आत आले आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

"दाखवा तुमचे परवाने. मला स्वतः बघायचेत."

"हे काय," दौलतराव चादरीकडे हात करून म्हणाले. "मोजून घ्या. आज सतरा आहेत."

अप्पासाहेबांना समजायला वेळ लागला. समजले तेव्हा त्यांचा चेहरा मर्क्युरीच्या उजेडात आधीच निळा होता, तो आणखी निळा झाला.

"हे? हे किडे? दौलतराव, तुम्ही फसवलंत मला! भर सभेत!"

"मी काही बोललोच नाही. तुम्ही विचारलंत परवाना आहे का. होते. माझ्या परवान्यांना पंख असतील, अप्पासाहेब, पण तुमच्या खांबाची तार खरी आहे. पाहिजे तर आत्ता जाऊन बटन दाबा. मी इथेच उभा आहे."

अप्पासाहेबांनी बागेकडे पाहिले. तेवढ्यात अंधारातून काहीतरी भरदार, घुमत आले, दिव्याला एक फेरी मारली, आणि चादर सोडून सरळ अप्पासाहेबांच्या सदऱ्यावर, छातीच्या बरोबर मधोमध, पदकासारखे बसले. अप्पासाहेबांनी दचकून हात लावला. ते चिरकले. अप्पासाहेबही थोडे चिरकले.

"हलू नका," दौलतराव पुढे होत म्हणाले. "काही करत नाही. यंदाचा पहिला आहे हा. मी दहा दिवस वाट पाहतोय याची." त्यांनी घड्याळ पाहिले, रजिस्टर उघडले. नऊ चाळीस. वारा पश्चिमेचा. मग लिहिता लिहिता त्यांचा हात क्षणभर थांबला.

"काय लिहिताय? याचं नाव काय?" अप्पासाहेबांनी ओठ न हलवता विचारले.

दौलतराव आयुष्यात कधी खोटे बोललेले नव्हते.

"सरनोबत," ते म्हणाले. "पहिल्याच वर्षी ठेवलंय."

"का?"

दौलतरावांनी छातीवरच्या त्या पाखराकडे पाहिले, आणि त्यावरच्या मिशीकडे पाहिले. "रुबाब बघा ना."

अप्पासाहेबांनी मान हळूहळू खाली केली, पाखराकडे नीट पाहायला, आणि बराच वेळ तशीच ठेवली. शेवटी म्हणाले, "छापून येणार आहे म्हणे तुमचं. त्यात हे नाव येईल?"

"शास्त्रीय येईल. पण कंसात घालायला सांगतो मॅडमना."

"तीस जूनपर्यंत ना?" अप्पासाहेब म्हणाले. "बरं."

दौलतरावांना भरून आले. चार उन्हाळे आणि दीड महिना, एका भिंतीएवढा अंधार, आणि समोर अख्खी कॉलनी. असा प्रसंग मशालवाल्याच्या कुळात पुन्हा येणार नव्हता. ते एका पायरीवर चढले. मागे चादर उजळलेली, तिच्यावर सतरा परवाने.

"मंडळी," ते म्हणाले, "दिवटे घराण्याने गेल्या अडीचशे वर्षांत कुणापुढेही..."

"अहो," मागच्या दारातून जनाबाई म्हणाल्या, "स्मिताची सासू उद्या सकाळच्या गाडीनं येतेय, आणि पाहुण्यांच्या पलंगावर घालायला तीच एक चादर आहे. तुमचं झालं की काढून झटकून आणा. आणि चिमटे मोजून आणा. सहा दिले होते, काल पाचच आले."